खालच्या झऱ्याचं घर

चैत्र लागला की सोबनू दास ढोल पाठीला बांधून सासरी दिलेल्या लेकींच्या भेटीला निघे. गावची लेक जिथं दिली तिथं जायचं, अंगणात ढोल वाजवायचा आणि माहेरच्या एकेका घराचं नाव घेऊन त्याचं भलं मागायचं. औजींचं, गावच्या ढोलवाल्यांचं, हे कामच. आज्यानं केलं, बापानं केलं. मुलगा डेहराडूनला टेम्पो चालवतो.

यंदा गावची एकच लेक उरली होती. गोदांबरी.

चढ उभा होता. ढोल तांब्याचा. सोबनूनं तो वाटेत खाली ठेवला नाही; ठेवलेला ढोल पुन्हा उचलायला दुप्पट जोर लागतो. चिडाच्या झाडाला पाठ टेकून त्यानं उभ्यानंच दम खाल्ला.

मनात एकच घोर. नाव कुणाचं घ्यायचं? चूल पेटते त्याच घराचं नाव घ्यायचं, बंद घराचं मागणं भिंतीला जातं, असं बाप सांगायचा. आणि संक्रांतीनंतर गोदांबरीचा भाऊ माधोसिंग बकऱ्या विकून मुलाकडे गेला. वरच्या राजपूत आळीतलं ते शेवटचं घर. आता धूर निघत होता तो खाली झऱ्याजवळ, सोबनूच्याच घरातून.

अंगणात गोदांबरी वाट पाहत होती. केस पार पांढरे.

"आलास? मला वाटलं, रस्त्यातच पडलास म्हाताऱ्या."

"पडलो असतो तर ढोलानं सांगितलं असतं, ताई."

ती हसली. त्यानं कातडं उन्हाला धरलं, दोऱ्या ताणल्या आणि टिपरी टेकवली. एकाही बंद घराचं नाव त्यानं घेतलं नाही. शेवटी एकच ओळ म्हटली, "खालच्या झऱ्याचं घर भरलेलं राहो."

ढोल थांबला.

"हे कुणाचं घर?"

"माझं."

"माधोचं नाव?"

"माधोदाजू गेले, ताई. कुलूप लावून. सांगितलं नाही त्यांनी?"

ती जोत्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "म्हणजे मला माहेर उरलं नाही."

"असं कसं? मी आहे. बायको आहे. तुम्ही पाणी भरायचात तो झरा आम्हीच उपसतो. या ना दोन दिवस."

"तू आहेसच रे," ती डोळे पुसत म्हणाली. "पण माणसं कुणी नाहीत ना."

सोबनूनं भिंतीवरचा पेला पुढं केला. तिनं वरून चहा ओतला, पेल्याला हात न लावता. त्यानं तो प्याला, पेला धुऊन भिंतीवर पालथा ठेवला. जागा ठरलेली होती.

निघताना तिनं सुपातून नाचणी त्याच्या पंच्यात टाकली. मग दरवर्षीची, तळलेल्या गोड अरशांची पुरचुंडी आणली. गुळाचा वास येत होता.

"माधोच्या उंबऱ्यावर ठेव. कुलूप असलं तरी ठेव."

उतारावर गुडघे जास्त बोलतात. अंधार पडायच्या आत तो गावात पोहोचला आणि आधी वरच्या आळीत गेला. पुरचुंडी माधोसिंगच्या दारात ठेवली, वर दगड ठेवला.

घरी बायकोनं विचारलं, "अरसे दिले नाहीत यंदा?"

"दिले. वर ठेवून आलो."

"कुलपाला? वानरं खातील. आपण खाल्ले असते."

"आपल्या नावचे नव्हते," सोबनू म्हणाला आणि ढोलाच्या दोऱ्या सैल करायला बसला.

वरच्या आळीत दगड गडगडल्याचा आवाज आला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.