बाबा तिथे कामाला नव्हते

बाबा आखातात एका कंपनीची मिनीबस चालवायचे. एका शुक्रवारी त्यांनी गोऱ्या साहेबांना रग्बी लीगच्या मॅचला सोडलं आणि वेळ काढायला मैदानाच्या कडेला उभे राहिले. घरी आले ते वेडे होऊनच. "आपली कबड्डीच गो बाय ती! फक्त बॉल घेऊन पळायचं. सहा वेळा पाडलं की खलास, बॉल समोरच्यांचा. रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, चार पॉइंट!"

त्यानंतर सहा वर्षं, ड्यूटी नसली तरी, ते अल कुसैसच्या आमच्या घरून दोन बस बदलून मॅचला जायचे. त्या साहेबांच्या क्लबची निळी जर्सी त्यांनी स्वतः विकत घेतली होती. कुणाचा खांदा निखळलाय, कोण सुट्टीवर गेलाय, सगळं पाठ. क्लब हरला की शनिवारीही धड बोलायचे नाहीत.

मी कॉलेजला लागले, आमच्या घरातली पहिलीच. त्या वर्षी फायनलला त्यांनी मलाही नेलं. तिथे तशीच निळी जर्सी घातलेले लोक बाबांच्या हातात रिकाम्या बाटल्या देत होते. "बॉस, बिन इज फुल," एकाने सुनावलं. बाबा हसत कचऱ्याचा डबा रिकामा करून आले.

"तुम्ही का करता हे?"

"गप गो. मॅच चाललीय, भांडायला वेळ कुणाला?"

सहा वर्षं हेच चाललं असणार! त्या लोकांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की हा माणूस इथे का येतो?

शेवटची मिनिटं. आम्ही दोन पॉइंटनी मागे. तेवढ्यात कमिटीतल्या एका साहेबाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बर्फाची पेटी तंबूत न्यायला सांगितली. बाबा मैदानाकडे बघतच खाली वाकले. मला इंग्लिश बोलायची अजून भीती वाटायची. मनात वाक्य दोनदा जुळवलं आणि कसंबसं म्हटलं, की हे इथे कामाला नाहीत, मॅच बघायला आलेत.

"ओह, सॉरी! सो सॉरी!" तो खरंच ओशाळला. मग वळला आणि कुंपणापाशी मॅच बघत उभ्या असलेल्या दुसऱ्या एका आपल्या माणसाला हाक मारली, "हॅलो, बॉस!"

पेटी एकट्याला उचलेना. बाबांनी दुसरी कडी धरली. माझ्याकडे न बघता दोघं तंबूमागे गेले, आणि मैदानावर एकच ओरडा झाला.

बाबा धावत परत आले. "ट्राय? कोणी टाकला गो?"

मी मैदानाकडे पाहतच नव्हते.