खारट पेज
शेजारी पेज शिजली की त्या वासानं मला कबड्डीची ती रात्र आठवते. धान निघाल्यावर मोकळ्या बांधीत मैदान आखलं होतं, बांबूंवर बल्ब लावले होते अन् धुळीला धानाच्या वाळल्या तणसीचा वास होता. आमचं लग्न त्याच साली झालेलं. थंडीतही मी घामानं निथळत होतो, आणि शेवटच्या सामन्यात पिंडरीत असा गोळा आला की मी तिथंच आडवा पडलो. पोरं गडव्यांवर गडवे पाणी पाजत होती, तरी पाय सरळ होईना. बायांच्या घोळक्यातून माझी बायको उठून घरी गेली अन् पेजेचा गडवा घेऊन सरळ मैदानात आली, साऱ्या गावासमोर, माझ्या बापासमोर. म्हणाली, "नुसतं पाणी काऊन पाजून राह्यले? घामासंगं त्यायच्या आंगातलं मीठ गेलं. रोवणीत आमचे पाय असेच वळतात." बाप गुरकावला, "सूनबाई, घरी जाय." ती म्हणाली, "जातो मामाजी, हे पिऊ द्या पयले." मी खारट पेज प्यालो, ती सगळ्यांदेखत पिंडरी चोळत बसली, आणि हळूहळू पाय मोकळा झाला. सामना आम्ही हरलोच. घरी बाप चुलीपाशी येऊन बसला अन् तिला म्हणाला, "उरली असन तं मलेही दे." आता ती नाही. डॉक्टरनं माझं मीठ बंद केलं आहे. तरी पेजेत मी चिमूटभर टाकतोच, रागवायला घरात कोणी नाही.