कोपरा फाटलेलं पत्र

मी थाई भाषा शिकलो ती एका बाईच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून. एरवी पेडगावच्या शाळामास्तराला त्या भाषेशी काही देणंघेणं असायचं कारण नव्हतं. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. राज्य बदललं होतं, झेंडा बदलला होता, आणि अधूनमधून कुणी साहेब येऊन नव्या युगाची पहाट झाल्याचं आम्हाला सांगून जात असे, बहुधा भर दुपारी.

गावात मला मान होता तो वाचण्याचा. घरोघर निजामाच्या काळातले उर्दू कागद होते, त्याआधीचे मोडीतले होते, आणि आता इंग्रजी यायला लागले होते. तिन्ही वाचणारा मी एकटा. लोक कागद घेऊन यायचे. मी चष्मा पुसायचो, घसा साफ करायचो, आणि मगच वाचायचो. दुसऱ्यांच्या थाटामाटाला मी आयुष्यभर हसत आलो. स्वतःच्या या घशाकडे मात्र माझं कधी लक्ष गेलं नाही.

आषाढात एका शेतकऱ्याच्या घरी पत्र आलं. घरात माणसं दोनच, म्हातारा सासरा आणि त्याची सून. मुलगा लग्नानंतर वर्षभरात निजामाच्या पलटणीत गेला होता. लढाईत पलटण मलायात पकडली गेली, जपान्यांनी त्याला रेल्वेचे रूळ टाकायला सयामच्या, म्हणजे थायलंडच्या, जंगलात नेलं, आणि लढाई संपली तरी तो परत आला नाही. दीड वर्षापूर्वी सयामहून एक पत्र आलं होतं. पत्ता इंग्रजीत होता, आतली लिपी कुणी कधी पाहिलेली नव्हती. तेव्हाही मी घसा साफ केला होता आणि म्हणालो होतो, "पत्र आलंय म्हणजे माणूस आहे." सुनेनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. दर शुक्रवारी ती त्याला हळदकुंकू लावायची.

आता हे दुसरं. त्याचा वरचा उजवा कोपरा फाटलेला होता, पाकिटासकट आतला कागदही.

आमच्याकडे मरण कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. असं पत्र घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं, आंघोळ करायची. म्हाताऱ्यानं ते ओसरीखाली उभं राहूनच माझ्या हातात दिलं.

"मास्तर, ह्ये काय म्हणायलंय?"

मला एक अक्षर कळत नव्हतं. तसं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चारपाच माणसं जमली होती आणि चष्मा पुसून झाला होता. मी कागद उलटा केला, सुलटा केला, फाटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता तो उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ठेवला. तेवढं पुरलं. म्हाताऱ्यानं डोक्यावरचं पागोटं उतरवलं. शेजारणीनं पाणी तापवायला चूल पेटवली.

सून आतून आली आणि तिनं दगडावरचं पत्र उचललं.

"वाचलं का तुमी?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग कसं कळलं?"

"अगं, कोपरा दिसंना का तुला?" म्हातारा म्हणाला.

"कोपरा दिसायलाय. अक्षर कुठं वाचलंय कुणी? मास्तरनं वाचून सांगावं. मंग बांगड्या मी माझ्या हातानं फोडीन."

तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच कुणाला तिला गप्प करता येईना. म्हाताऱ्यानं पोळ्यापर्यंत मुदत दिली. पोळ्याला बैल पुजायचे, आणि घरात सुतक आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर बैल कसे पुजणार? तोवर काय ते ठरायला हवं होतं. पत्र घरात नेता येईना आणि ती फाडू देईना, म्हणून ते गोठ्यात आढ्याच्या फटीत खोचलं गेलं. एक पत्र देवात आणि एक जनावरांत.

परभणीत स्टेशनजवळ एक हवालदार सायकली दुरुस्त करायचा. तोही त्याच पलटणीतला, पकडला जाऊन सयाममधून परत आलेला. एका पायानं लंगडा होता. मी रविवारी गोठ्यातलं पत्र घेऊन त्याच्याकडे गेलो. पत्र पाहून तो हसला.

"मास्टरसाब, मैं तो उर्दू भी नै पढ्या. बोलना आता, बस."

पण त्याच्याकडे एक पुस्तक होतं. छावणीजवळच्या मठातल्या कुणा भिक्षूनं दिलेलं, तिकडच्या मुलांचं अंकलिपीसारखं. त्यात चित्रं होती म्हणून त्यानं ते आणलं होतं. पहिल्या पानावर कोंबडी. तो म्हणाला, "काय." मी म्हटलं, कोंबडीला काय म्हणतात तेच विचारतोय. तो म्हणाला, "वोईच तो बोल रहा, काय." पुढे अंडं, "खाय". मग रेडा, मग साप, "ङू". मी मोजत गेलो तर क, ख, वर्गाच्या शेवटी ङ, आणि लगेच च. आपलीच वर्णमाला. घरातून निघून गेलेला भाऊ दाढी वाढवून, भगवं नेसून दारात यावा तशी ती समोर उभी होती. ओळख पटल्याचा आनंद झाला नाही. अंगावर काटा आला.

त्यानंतरचे सगळे रविवार असेच गेले, पत्र संध्याकाळी पुन्हा गोठ्यात. तो चित्र पाहून शब्द बोलायचा, मी अक्षर पकडायचो. मात्रा कधी अक्षराच्या आधी, कधी डोक्यावर, कधी पायाशी. शब्दांत जागा सोडत नाहीत, ओळ सरळ पुढे जाते. मोडी वाचलेल्या माणसाला त्याचं भय नव्हतं. भय सुरांचं होतं. एकच शब्द चढवून म्हटला तर एक, पाडून म्हटला तर दुसरा. मी चुकलो की हवालदार चाकाच्या तारेवर पाना आपटायचा.

"ऐसा बोलेंगे तो कोई भात नै देगा तुमकू."

चित्रांपलीकडचे शब्द मी त्यालाच विचारले. जे त्याला येत होते ते त्यानं दिले. भात. पाणी. बांबू. ताप. औषध नाही. भात नाही. चल. आणि "ताय", म्हणजे मेला. माणूस जिथं भाषा शिकतो तिथलंच त्याला बोलता येतं. महिन्याभरात सयामच्या भाषेत मला भूक, ताप आणि मरण सांगता येऊ लागलं. नमस्कार कसा करतात हे मला अजून ठाऊक नाही.

म्हाताऱ्याचा मुलगा छावणीत हवालदाराच्या शेजारच्या बांबूच्या माचावर झोपायचा. तापानं पडला तेव्हा नदीकाठच्या एका बाईनं त्याला घरी नेलं होतं. हवालदार परतला, तो तिथंच राहिला.

"उसकू वहाँ घर हो गया था," हवालदार चाक फिरवत म्हणाला. "मैं कायकू आके बोलता?"

मीही गावात बोललो नाही.

इकडे श्रावण लागला. दरवर्षीचा कासार बांगड्यांची माळ घेऊन गल्लीत आला आणि तिच्या दारावरून न थांबता पुढे गेला. त्याला कुणी तरी सांगून ठेवलं असावं. पंचमीला वारुळाला जाताना बायकांनी तिला हाक मारली नाही, तिच्या कपाळावर कुंकू असूनही. मी शाळेत जायला निघालो की ती दारात यायची.

"कुठवर आलं, मास्तर?"

"अक्षरं जुळायलीत."

"जुळू द्या."

एवढंच. मुलांकडून पाढे म्हणून घेताना माझ्या डोक्यात दुसरीच ओळ चालू असायची, न तुटणारी.

पोळ्याच्या आदल्या रविवारी हवालदाराच्या दुकानात मी फाटकं पत्र शेवटपर्यंत नेलं. मी अक्षर अक्षर मोठ्यानं म्हणायचो, तो ऐकून अर्थ लावायचा. निम्मं कळलं नाही. कळलं ते असं: घर. पाऊस. भात चांगला. लेकरू. लेकरू शाळेत जातं. मी तीनदा शोधलं, "ताय" कुठंही नव्हतं. कोपरा कुणा शौकिनानं वाटेत परदेशी तिकिटासाठी फाडला असणार, आमच्याकडच्या रिवाजाची त्याला काय कल्पना.

त्या संध्याकाळी मी जवळजवळ पळत गेलो. ओसरीवरच सांगितलं, "यात मरणाचं काही नाही." म्हाताऱ्यानं आधी देवाला हात जोडले, मग मला. लेकराचं मी बोललो नाही. ती चांगली बातमी होती, पण तिच्या दारात सांगण्यासारखी नव्हती. आणि एक गोष्ट मला टोचत होती. पत्रात घर होतं, लेकरू होतं, भात होता. म्हाताऱ्याच्या मुलाचं स्वतःचं काहीच नव्हतं.

सून आत गेली आणि देव्हाऱ्यातलं पत्र घेऊन आली. हळदीनं कडक झालेलं, मधोमध कुंकवाचा डाग. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आता ह्ये बी वाचा की. याचा कोपरा तर शाबूत हाय."

म्हातारा बैलांच्या झुली काढायला गोठ्याकडे गेला होता. मी चष्मा पुसला नाही, घसा साफ केला नाही. पहिल्या ओळीत ताप होता. दुसऱ्या ओळीत औषध नाही. तिसऱ्या ओळीत, कुंकवाच्या डागाखाली, मला चांगला पाठ असलेला तो छोटा शब्द होता. मी पुन्हा वाचला. सयामात पत्राचा कोपरा फाडत नाहीत. तिथल्या बाईनं रीतसर कळवलं होतं, आणि दीड वर्ष आम्ही त्याची पूजा केली होती, माझ्या शब्दावर.

मी वर पाहिलं तर तिचं हसू गेलेलं होतं. तिला माझं तोंड वाचता येत होतं. त्याला लिपी लागत नाही.

"ह्याचा कोपरा फाडायचा का, मास्तर?"

मी मानेनंच हो म्हटलं.  गोठ्यातून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, तो कुठल्या तरी बैलाशी बोलत होता.

"पोळा होऊ द्या," ती म्हणाली. "त्यांला बैल पुजू द्या. तवर तुमी काई बोलू नगा."

पोळा झाला. तिनं बैलांना ओवाळलं, पुरणाचा घास दिला. मी मिरवणुकीत सगळ्यांत मागे चाललो होतो. पुढे वाजंत्री होती, सरपंचाचा फेटा होता. ओवाळून झाल्यावरही तिच्या बांगड्या वाजल्याचा मला भास होत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याला सांगितलं. वर्षावर गेलेल्या मरणाला पुरुषांना एक आंघोळ पुरते. त्यानं ती केली आणि ओलेत्यानंच पायरीवर बसून राहिला. सुनेला आंघोळ पुरणार नव्हती. तिनं सांगितल्याप्रमाणे स्वतःच्याच हातानं फोडल्या.

संध्याकाळी तिनं मला बोलावून विचारलं, "मंग त्या दुसऱ्यात काय हाय?" मी सगळं सांगितलं, नदीकाठच्या त्या बाईसकट. घर, पाऊस, भात, लेकरू, शाळा.  मग तिनं देव्हाऱ्यातल्या पत्राचा कोपरा फाडला, उंबऱ्याबाहेर जाऊन उरलेल्याचे तुकडे केले, आणि गोठ्यात जाऊन आढ्याच्या फटीतलं फाटक्या कोपऱ्याचं पत्र काढून आणलं. त्यावरचा भुसा पदरानं झटकला, उंबरा ओलांडला, आणि ते देवात ठेवलं.