गारगोटीच्या पोटातलं सोनं

त्या गारगोटीची आठवण आली की माझा उजवा हात आजही आपोआप खिशात जातो. हे प्रकरण मी आजवर अर्धंच सांगत आलो.

जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुकानातून गिऱ्हाइकाचा सोन्याचा गोफ चोरीला गेल्याची फिर्याद एका सोनाराने दिली. दोन दिवसांनी त्याचाच फोन. "साहब, चोर मिल गया. गोफ वितळवून दगडावर ओतला अन् मलाच विकायला आणला!"

'चोर' सोनझरी होता, नाल्याची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारा. त्याच्या गमछ्यात मुठीएवढी पांढरी गारगोटी निघाली. तिच्यात पिवळी शीर.

"दरेकशाच्या नाल्यात भेटली, साहेब. मी खोटं बोलून नाही रायलो."

मी कानाखाली लावली. तो खाली बसला. कानातून रक्त आलं.

सकाळी त्याची बायको थेट माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"बाई, सोनं दगडात पिकतं होय?" हवालदार हसला.

"मंग का तुमच्या टोपीत पिकते?"

तिने सुई मागून घेतली, शिरेत टोचली. "खोटं असतं त चुरा झाला असता. हे पाहा, दबलं."

"ओतलेलं असेल," मी म्हणालो.

"ओतलेलं वरवर बसते. हे पोटात हाये. फोडा."

पंच बोलावले, हातोडी मारली. गारगोटी फुटली, पण दोन तुकडे सुटेनात. भेगेत खोल गेलेल्या सोन्याने ते धरून ठेवले होते.

"आमाले कळते," ती म्हणाली, "मंग सोनाराले काऊन नाही कळलं?"

तपासाला तिथेच वाट फुटली. सोनाराला बोलावून तिचाच प्रश्न विचारला. दोन ग्लास पाणी पिऊन तो कबूल झाला. गोफ त्याच्याच तिजोरीत होता. गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेला गोफ त्याला गिळायचा होता आणि चोर म्हणून कोणीतरी गरीब हवा होता.

खबर देणाऱ्याला काय माहीत आहे, ते आधी विचारावं, हे मी तेव्हा शिकलो. कुठल्याही आरोपीला मी नंतर कधी हात लावला नाही.

सोडताना मी त्या सोनझऱ्याला हळूच म्हणालो, "चुकलं माझं."

बायको म्हणाली, "जोरानं बोला, साहेब. त्या कानानं त्याले आयकू नाही येत आता."

मग ठाण्याच्या पायरीवर, सगळ्या स्टाफसमोर, मी मोठ्याने माफी मागितली. गारगोटी हातात उंच धरून दोघे फाटकातून बाहेर पडले. हवालदाराने टोपी काढली.

गोफ सापडल्याची नोंद स्टेशन डायरीत आहे. त्या चापटीची नाही. ती आज इथे करतो.