सुनेसाठी बिघडवलेला कॉम्प्युटर
घरातला जुना कॉम्प्युटर सुरू केला की तापलेल्या धुळीचा वास येतो, अन् मले सुनेची लिनक्सची परीक्षा आठवते. अकोल्याच्या ऑफिसातले लिनक्सवर चालणारे मोठे कॉम्प्युटर सांभाळायची तिची नोकरी कंत्राटी होती, ही परीक्षा ती पास झाली तरच पक्की होणार होती. पण अभ्यास करावा तरी कशावरून? मुलगा म्हणे व्हिडिओ पाह्य. दर्यापूरच्या माझ्या भाच्यानं तयार प्रश्नोत्तरंच पाठवली, "पाठ करा वहिनी, निघून जाल." तिनं ती उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाली, "आई, तिथं लिहायचं नाही, समोरची मशीन दुरुस्त करून दाखवायची हाय." एक जाड पुस्तक तेवढं आणलं अन् हा कॉम्प्युटर मागून घेतला. वरून मले म्हणते, "मी ऑफिसात गेली की तुमी याले रोज बिघडवत जा, मी आल्यावर दुरुस्त करीन." "काहून वं, मंग सासूवर आळ घ्यायले?" मी म्हटलं. पण तिनं दाखवलं तसं दुपारी बसून फाइली पुसल्या, नावं बदलली. एकदा तर पासवर्डच बदलला अन् संध्याकाळपर्यंत विसरून गेले! पोरगी रडकुंडीला आली, पण पुस्तकात पाहून पाहून आत शिरलीच. अमरावतीहून परीक्षा देऊन आली, तर मी दारातच विचारलं, "कशी गेली वं?" चपला काढता काढता म्हणाली, "जमलं आई. तुमच्याएवढं बिघडवता नाही येत त्या परीक्षावाल्यायले." नोकरी पक्की झाली. आता घरात कोणाचाही मोबाइल अडला, की ती आधी मलेच विचारते, "आई, खरं सांगा, काय दाबलं?"