पाठीवरचा पंप

आमच्याकडे फवारणी असली की सकाळी आधी मी पंपाची झडती घेते. टाकीत साधं पाणी भरायचं, झाकण आवळायचं, पंप अंगणात कोरड्या पोत्यावर आडवा करायचा आणि मोटर चालू ठेवून चहा होईपर्यंत थांबायचं. पोतं ओलं झालं तर त्या दिवशी फवारणी बंद. मग अळीने सगळी वांगी खाल्ली तरी चालेल. आमचे हे फौजेतून पेन्शनवर आलेले, पण झडतीच्या वेळी मुकाट्याने बाजूला उभे राहतात. येणारे-जाणारे हसतात. हसू देत.

मी जन्माची संशयी आहे. भाजीवाल्याचा काटा मी आधी रिकामा बघते. लग्न ठरवताना ह्यांचा फोटो हातात दिला, तेव्हा मी तो उलटा करून किती जुना आहे ते बघितलं होतं. आई म्हणायची, हिच्यापुढे देव उभा राहिला तरी ही त्याचं आधार कार्ड मागेल. त्यामुळे शिरवळला कंपनीत असलेल्या आमच्या मुलाने बापासाठी बॅटरीचा पंप पाठवला, तेव्हा घरातले सगळे खोक्याभोवती जमले आणि मी लांब उभी राहिले. पाठीवर पाणी, पाण्याखाली बॅटरी आणि त्याला चिकटून माझा नवरा, हे गणित मला पटत नव्हतं. शॉक बसला म्हणजे? मुलगा फोनवर हसला. म्हणाला, आई, एवढ्याशा बॅटरीने काही होत नसतं. बॅटरीने काही झालं नाहीच. मी संशय घेतला तो चुकीच्या जागी.

खोक्यात हातमोजे, तोंडाचा मास्क आणि गॉगल अशी एक पिशवी होती. ह्यांनी ती तशीच खुंटीला अडकवली. जन्मभर वरच्या साहेबाचा प्रत्येक हुकूम पाळलेला माणूस, पण घरी आल्यावर कागदावर छापलेली सूचना म्हटलं की ह्यांच्या अंगात येतं. "हातमोजं घालून रानात गेलो तर लोक म्हणतील डाक्टर आला," हे त्यांचं म्हणणं. मिरच्या भाजताना गॉगल मी वापरायला लागले. तेवढाच त्याचा उपयोग झाला.

जुना हातपंप होता तेव्हा फवारणी सावडीने व्हायची. आज आमच्या रानात, उद्या दिराच्या. एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने पाणी आणायचं, दंड भरून आला की पंप उतरवून बांधावर बसायचं, तंबाखू मळायची. शेजारी माणूस असायचं. बॅटरीच्या पंपाला दांडाच नाही. बटन दाबलं की झालं. हात दुखत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. आणि दुसरं माणूस लागत नाही, म्हणून कोणी सोबत जात नाही. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, काम सोपं झालं.

फक्त एक अडचण होती. पंपाचं प्लॅस्टिक पाठीच्या कण्याला रुतायचं. त्यावर ह्यांनी फौजेतला तोडगा काढला. जुनी हिरवी लोकरीची जर्सी घडी घालून पट्ट्यांच्या आत, पाठ आणि पंप ह्यांच्यामध्ये बसवली. फौजेत पाठीवर सामानाचा पिट्ठू बांधायचे तसे पट्टे करकचून आवळले. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे किंवा होता, आणि ज्याच्या त्याच्या पंपाखाली अशी एक जर्सी असते. ती कोणी धूत नाही. उद्या परत लागणार म्हणून पंपावरच ठेवतात.

आता ह्यांच्या पिण्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फौजेत कॅन्टीनचा कोटा मिळायचा. पेन्शनवर आल्यावर कोटा पुरेना आणि आमच्या घरात रोज रात्री भांडी वाजायला लागली. शेवटी मी माहेरी निघाले, तेव्हा ह्यांनी खंडोबासमोर भंडारा उचलला आणि शपथ घेऊन दारू सोडली. माझा देवावर विश्वास आहे. पण नवऱ्याच्या बाबतीत मी सगळं देवावर सोपवत नाही. रोज संध्याकाळी हे रानातून आले की उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि मी तोंडाचा वास घ्यायची. पाहुणे बसलेले असले तर हे गपचूप मागच्या दाराने यायचे आणि मी तिथे जायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मीही कधी थांबवलं नाही.

त्या दिवशी अर्धी वांगी फवारून हे आले ते उंबऱ्याला ठेचकाळले. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आवं, तोंड करा इकडं."

"काय न्हाई घेतलं, आगं. ऊन लागलंय."

"ऊन लागल्यावर माणूस असं झोकांड्या देतंय व्हय?"

मी वास घेतला. दारूचा नव्हता. पण त्याने माझं समाधान झालं नाही. वेलदोडा चघळला असेल, असं वाटलं. जेवलेही नाहीत, डोकं धरून झोपले. मी पांघरूण घातलं आणि त्यांच्या सदऱ्याचे खिसे तपासले. काही सापडलं नाही, तर राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सापडू नये असं लपवायला लागलेत, असं मनात आलं.

सकाळी त्यांना जरा बरं होतं. उरलेली वांगी आजच मारून टाकतो म्हणाले. दीर चहाला आले होते. मला आवरलं नाही. त्यांच्यासमोरच बोलले, "काल ह्यांनी शपथ मोडली. मला आता ह्यांचा भरवसा न्हाई." ह्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. "भरवसा नसंल तर ऱ्हाऊंदे," एवढंच म्हणाले, पंप पाठीला लावला आणि गेले.

दुपारी मी भाकरी बांधून रानात निघाले. भाकरी हे सोंग होतं. मला त्यांना बाटलीसकट पकडायचं होतं. आमच्या वांग्याच्या पट्टीला लागून उसाचं रान आहे. लपवायला त्याच्यापेक्षा चांगली जागा नाही. मी पायवाट सोडून उसाच्या कडेकडेने गेले. पाचट पायाने उकरून बघितलं. बाटली मिळाली नाही, पण पंपाच्या मोटरचा आवाज येत होता, एकाच जागेवरून. फवारणारा माणूस चालत असतो, आवाज हलायला हवा. मला वाटलं, पंप चालू ठेवून फसवतात. मी चुलीवरच्या दुधासारखी उतू गेले होते.

बांधाच्या खाली हे बसले होते. पंप पाठीवरच होता, मोटर चालूच होती आणि नळीचं तोंड मातीत पडून तिथे चिखल झाला होता. तोंडातून लाळ गळत होती. सगळं अंग घामाने निथळत होतं आणि दंडाची कातडी आपोआप थरथरत होती. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाले, "आंधार पडला का गं?" भर दुपार होती.

मी मोटर बंद केली. पट्टे सोडून पंप काढला, जर्सी ओढून घेतली. ती ओलीचिंब होती. मला वाटलं, घाम. दिरांना फोन केला. ते टेम्पो घेऊन आले. बांधावरचा औषधाचा डबा मी बरोबर घेतला, तो शहाणपणाने नाही. दुकानदाराने बनावट औषध दिलं असणार आणि डबा पुरावा म्हणून लागेल, हा विचार होता. अशा वेळीसुद्धा माझं डोकं कोणावर तरी संशय घेतच होतं.

कडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मग माझ्या हातातला डबा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "किती घेतलं यांनी?"

"घेतलं न्हाई. फवारत हुते."

"सकाळी घरात काही वाद झाला होता का?"

मी बोलायच्या आत दीर म्हणाले, "व्हय, जरा झाला हुता."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, ती नजर मला ओळखीची होती. माझीच होती. मी रोज उंबऱ्यावर ह्यांच्याकडे जशी बघायची, तशीच. खरं सांगत असाल, पण मला पटत नाही, अशी. जन्मात पहिल्यांदा मला कोणीतरी विश्वास ठेवावा असं वाटत होतं आणि कोणी ठेवत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मलाही खात्री नव्हती. सकाळचा न प्यालेला चहा डोळ्यांसमोर आला. हे म्हणाले होते, भरवसा नसेल तर राहू दे. राहू दे म्हणजे काय राहू दे? खरंच घेतलं असेल तर? माझ्या बोलण्याने घेतलं असेल तर?

मी पुढे झाले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडाचा वास घेतला. औषधाचा उग्र, सडक्या लसणीसारखा वास आला. मी तोंडाला पदर लावायला हात वर नेला.

तोच वास माझ्या हाताला येत होता.

डबा तर बाहेरून कोरडा होता. मी तर काही घेतलं नव्हतं. मी फक्त जर्सी ओढून काढली होती. मग तो घाम नव्हता. मी डॉक्टरांचा हात धरला. "सायेब, पाठ बघा. आधी त्यांची पाठ बघा."

ह्यांना कुशीवर केलं. सदरा पाठीला चिकटला होता. तो कापून काढला, तर मानेपासून कमरेपर्यंत कातडी लाल झालेली, बरोबर जर्सीच्या घडीएवढी. झाकणाचं रबर फाटून औषध दोन दिवस झिरपत होतं आणि लोकर ते पिऊन पाठीला लावून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "पोटातून गेलं काय, कातडीतून गेलं काय, इंजेक्शन तेच आहे. पण हे कपडे अंगावर राहिले असते, तर एकीकडून आम्ही उतरवलं असतं आणि दुसरीकडून चढतच राहिलं असतं." सिस्टरांनी हातमोजे घातले, मलाही एक जोडी दिली. आम्ही दोघींनी साबण लावून त्यांना पुन्हा पुन्हा धुतलं, नखांत, कानामागे, केसांत. सिस्टर एकदा म्हणाल्या, "तुमचे पण हात आधीच धुवायला हवे होते, मावशी." आवाज बदलला होता.

दुसऱ्या दिवशी हे शुद्धीवर आले. इंजेक्शनांनी तोंड इतकं कोरडं पडलं होतं की शब्द चिकटून बाहेर यायचे. विषबाधेची केस म्हणून जबाब घ्यायला हवालदार आले. मला म्हणाले, "तुमी जरा भाईर थांबा." मी पडद्याच्या पलीकडे गेले आणि तिथेच उभी राहिले. ऐकायचं नसतं, हे मला कळतं. पण मी ऐकलं.

"फौजी, खरं सांगा. कुणाला भ्यायचं न्हाई. घरात काय तरास हाय का?"

मी पडदा मुठीत धरला. उत्तराला एवढा वेळ लागावा असा तो प्रश्न नव्हता. किंवा होता.

"हाय की," हे म्हणाले. "लय हाय. रोज तोंडाचा वास घेती. खिसं चाचपती. काल उसात बाटली हुडकत आलती. लांबनं आंधुक दिसत हुती मला, पर हाक मारायला आवाज फुटंना."

हवालदारांनी कागद उलटल्याचा आवाज आला.

"लिवून घ्या सायेब, तिनंच वाचवलं. भरवसा ठिवनारी आसती तर भाकरी घरात झाकून ठिवून सांजच्यापतूर वाट बघत बसली आसती."

मला वाटत होतं, मी भाकरी घेऊन आले होते असंच ते समजत असतील. पडद्याला धरून मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. आत हवालदार त्यांना पाणी पाजत होते.