आईच्या दहाव्यापुरतं पाणी

मंडळी, आज सकाळी ओढ्यावर आईचा दहावा केला. वरच्या संस्थानी गावाने बांध घातल्यापासून आपल्या खालसा, म्हणजे इंग्रजी अमलातल्या गावात ओढा कोरडाच आहे. आज मात्र पाणी आलं.

त्यांचे पाटील स्वतः येऊन म्हणाले, "मयताचं पाणी आमी आडवत न्हाई. पर कावळा शिवला की बांध घालनार. उसाला वळवू नगा."

कावळा शिवला. थोड्याच वेळात धार थांबली.

शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "आता पुढलं पानी माझ्या दहाव्याला बगा रं!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. परतताना दोन्ही बाजूंना ऊस वाळलेला दिसला.

मंडळी, मेलेल्या माणसासाठी ते बांध फोडतात. मग जिवंत माणसांसाठी पाणी काय म्हणून मागायचं?